डाळिंबाची साल आणि निःपक्षपाती परीक्षक

२ मार्च, सोमवार

आजपासून डायरी. फक्त स्वतःसाठी. दुसरं कुणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहिण्याचं काही कारण नाही.

संकल्प तीन. लसणाच्या अर्कावरचा पेपर मार्चअखेर पूर्ण करायचा. चहा दिवसाला दोनच कप. आणि शिष्योत्तमेबद्दल या डायरीत एक अक्षरही लिहायचं नाही. एवढी मोठी अन्नसुरक्षा प्रयोगशाळा, तिच्यात लिहिण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे.

शिष्योत्तमेला आज नवी खुर्ची आली. चाकांची, मानेला वेगळी उशी असलेली. माझी खुर्ची एकवीस वर्षांची आहे आणि मागे टेकलं की कण्हते. मी कधी नवी मागितली नाही. मागणाऱ्यांतला मी नाही. पण नऊ वर्षांपूर्वी ही मुलगी ट्रेनी म्हणून आली तेव्हा पिपेट चमच्यासारखी धरायची. ती कशी धरायची हे तिला मी शिकवलं. आता तिच्या मानेला उशी, आणि माझ्या मानेला स्पाँडिलायटिस. असो.

चहा: चार कप. पहिला दिवस आहे.

५ मार्च, गुरुवार

मोठी बातमी. डायरेक्टरसाहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. नवा विभाग निघतोय. नाव, नैसर्गिक परिरक्षण कक्ष. अन्न टिकवायला रसायनांऐवजी झाडांमधली द्रव्यं वापरायची, असं काम. स्वतंत्र खोली, दोन खिडक्या, नवं मशीन. वीस तारखेपर्यंत प्रस्ताव द्यायचे. ज्याचा प्रस्ताव मंजूर, तोच कक्षाचा प्रमुख.

प्रस्तावांवरची नावं काळ्या शाईने झाकणार. प्रत्येक प्रस्ताव तीन ज्येष्ठ शास्त्रज्ञ तपासणार, प्रत्येकी पन्नास गुण. वशिला नको म्हणून.

प्रमुख हा शब्द उच्चारताना डायरेक्टरसाहेब माझ्याकडे बघत होते. शिष्योत्तमा माझ्या बरोबर मागे बसली होती हे मला नंतर कळलं. पण नजर माझ्याच उंचीवर होती.

वनस्पतींतल्या द्रव्यांवर इथे कुणाचा अधिकार असेल तर तो माझा. सव्वीस वर्षांपूर्वी निलगिरीच्या तेलावर पीएच.डी. केली. प्रबंधाची एक प्रत मी स्वतः आपल्या लायब्ररीला भेट दिली आहे. आजवर कुणी नेलेली नसल्यामुळे ती उत्तम स्थितीत आहे.

उद्यापासून प्रस्ताव लिहायला घेतो. लसूण. नाव ठरलं, की बाकीचं आपोआप होईल.

९ मार्च, सोमवार

सकाळी अकरा. शिष्योत्तमा माझ्या खोलीत आली. म्हणजे दारात उभी राहिली, कारण आत लसणाचा वास असतो आणि हल्लीच्या लोकांना विज्ञान हवं असतं पण त्याचा वास नको असतो. विचारलं, सर, तुमच्या पीएच.डी.च्या वेळच्या वह्या अजून आहेत का? एका जुन्या प्रयोगाबद्दल जरा...

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. ओळखलंच मी. प्रस्ताव लिहायचाय, आणि डोकं माझं वापरायचंय. म्हटलं, घर बदललं तेव्हा हरवल्या. तिचा चेहरा पडला. बरं वाटलं.

वह्या माळ्यावरच्या पेटीत आहेत.

तिच्या ट्रेमध्ये हल्ली डाळिंबाच्या सालींचे ढीग असतात. रसाच्या कारखान्यातून पोत्याने मागवते. गाळलेला अर्क असा गर्द सोनेरी दिसतो, की येणारा जाणारा थांबून विचारतो, हे काय? माझ्या लसणापाशी कुणी थांबत नाही. उलट चालण्याचा वेग वाढतो.

१४ मार्च, शनिवार

घरी. कन्या मोबाइल घेऊन आली, म्हणाली, बाबा, ही तुमच्याच ऑफिसातली ना? बघितलं तर शिष्योत्तमा! शेंगदाण्यांवर बुरशी कशी येते, त्या बुरशीतलं विष दिसत नाही, वासही येत नाही, मग ओळखायचं कसं, असं काहीतरी सोपं करून सांगत होती. चाळीस हजार लोकांनी पाहिलं होतं. चाळीस हजार! माझ्या निलगिरीच्या पेपरला आजवर तीन जणांनी संदर्भ दिला आहे. त्यांतला एक मीच.

कन्या म्हणाली, किती छान समजावते ना? मी म्हटलं, सोपं करून सांगणं सोपं असतं. आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

नंतर हिने, म्हणजे बायकोने, सांगितलं, की शेवटी ती बाई, हे सगळं मी माझ्या सरांकडून शिकले, असं म्हणाली. हिचं म्हणणं, ते तुम्हीच. मी म्हटलं, तिला सर डझनभर आहेत.

१७ मार्च, मंगळवार

शिष्योत्तमा पुन्हा हजर. या वेळी कागदांचा गठ्ठा घेऊन. सर, सह्या हव्या होत्या, म्हणाली. मी त्या वेळी फोनवर बोलत होतो. समोर कुणी नव्हतं, पण ते तिला कळण्याचं कारण नव्हतं.

एका हाताने फोन धरून चार ठिकाणी सह्या ठोकल्या. एक ओळ वाचली नाही. मुद्दामच. तिच्या कागदांत मला काडीचाही रस नाही हे तिला दिसायला हवं होतं. ती म्हणाली, सर, एकदा वाचून तरी घ्या. मी म्हटलं, दुसऱ्यांचे कागद वाचत बसायला मला वेळ नसतो.

यावर तिने सह्यांचे कागद छातीशी धरले. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं की काय, कोण जाणे. म्हणाली, थँक यू सर, तुम्ही हो म्हणाल असं मला वाटलंच नव्हतं. रसायनं मागवायच्या चार फॉर्मांसाठी एवढं नाटक! अशीच लोकांना खिशात घालते ती.

२० मार्च, शुक्रवार

प्रस्तावांची शेवटची तारीख. माझा प्रस्ताव जवळजवळ तयार होता. मुखपृष्ठ पूर्ण झालं होतं. दुपारी वीस मिनिटं वीज गेली आणि विचारांची साखळी तुटली.

संध्याकाळी शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं, की प्रस्ताव न देणं हीच खरी खेळी होती. अर्ज करून प्रमुख व्हायला मी काय नवखा आहे? एकही प्रस्ताव मंजूर झाला नाही तर डायरेक्टरसाहेबांना ज्येष्ठता बघावी लागेल. ज्येष्ठतेत मी पहिला. माझ्या पुढचे गेल्या वर्षी रिटायर झाले.

म्हणजे आता एवढंच व्हायला हवं, की प्रस्ताव मंजूर होऊ नयेत. दमदार असा एकच असणार. कुणाचा, ते लिहीत नाही. संकल्प आहे.

२४ मार्च, मंगळवार

प्रस्ताव तपासायला वाटले. मी अर्थातच परीक्षक. माझ्या वाट्याला दोन फाइली. एक दूध नासण्याबद्दल, दुसरी कारखान्याच्या पाण्यातलं शिसं शोषणाऱ्या पाणवनस्पतींबद्दल. दोन्हींत दम नाही.

मग सहज सांडपाण्याच्या टेबलापाशी गेलो. सांडपाणी म्हणजे माझा वीस वर्षांचा सहकारी, गटारांचं पाणी तपासतो, माणूस निर्मळ आहे. त्याच्यासमोर पडली होती ती फाइल: डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि साठवणीतले शेंगदाणे. नावावर काळा पट्टा. पण पट्ट्याखाली कोण आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मी म्हटलं, तुझा विषय पाणी, माझा विषय वनस्पती, आपण फाइली बदलूया. तो लगेच तयार झाला. पाणवनस्पतींची फाइल बारा पानांची होती आणि डाळिंबाची बेचाळीस.

बदल नोंदवायला शिक्केमास्तरांकडे गेलो. आवक-जावक तेच बघतात, नावांवर शाईही तेच फासतात. फाइलचा नंबर बघून म्हणाले, साहेब, ही तुम्हाला चालायची नाही. मी विचारलं, का? म्हणाले, नाव सांगायची मला परवानगी नाही, पण चालायची नाही. मी आवाज चढवला. म्हटलं, कुणी काय तपासायचं हे आता आवक-जावक ठरवणार का? ते म्हणाले, मी दोनदा सांगितलं, आता या फॉर्मवर सही करा म्हणजे माझी जबाबदारी संपली.

फॉर्मवर छापलेलं होतं: या प्रस्तावाशी माझा कोणताही संबंध नाही. मी झोकात सही केली. शिक्केमास्तरांनी शिक्का मारला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

त्यांनाही तिने फितवलेलं दिसतंय.

२६ मार्च, गुरुवार

डाळिंबाची फाइल वाचली. दुर्दैवाने चांगली लिहिली आहे.

रसाच्या कारखान्यांबाहेर सालींचे डोंगर सडत पडतात, त्याने पाणी आणि जमीन खराब होते. त्याच सालींत बुरशी रोखणारी द्रव्यं असतात. अर्क काढून शेंगदाण्यांच्या पोत्यांवर फवारला तर कचराही कमी होईल आणि लोकांच्या पोटात विषही जाणार नाही. एवढी साधी गोष्ट. माझ्या डोक्यात कशी आली नाही? आली असणारच. मी तिच्याकडे वेळीच लक्ष दिलं नसेल.

पण खरा संताप पुढेच आहे. पान सहावर लिहिलंय, की या सगळ्याचं मूळ एका जुन्या, कुणी न वाचलेल्या प्रबंधाच्या परिशिष्टात आहे. दीड पानाचा लहानसा प्रयोग. तो काळाच्या वीस वर्षं पुढे होता म्हणे! लेखकाची दूरदृष्टी म्हणे! त्याचं श्रेय त्याला मिळायला हवं म्हणे! लेखकाच्या नावावर शिक्केमास्तरांची शाई.

कोण हा प्राणी? दोनशे पानांचा प्रबंध लिहायचा आणि कामाची गोष्ट परिशिष्टात टाकून द्यायची, हे कसलं लक्षण? आणि शिष्योत्तमेला त्याचा एवढा पुळका? माझा अख्खा प्रबंध तिच्या खोलीपासून तीस पावलांवर, लायब्ररीत उभा आहे. त्यातलं एक वाक्य तरी घ्यावं? नाही. कुठला तरी परिशिष्टवाला तिचा गुरू!

अंगाचा तिळपापड झाला. दुपारचा डबा तसाच परत नेला. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, लसूण चढला.

३१ मार्च, मंगळवार

शेरा लिहून पूर्ण केला. चार दिवस घासूनपुसून लिहिला. एवढी मेहनत मी स्वतःच्या पेपरवर केली असती तर, पण तो मुद्दा वेगळा.

आक्षेप तीन. पहिला: शीर्षक लांब आहे. दुसरा: डाळिंबं वर्षभर मिळत नाहीत. तिसरा आक्षेप हा माझ्या परीक्षकपणाचा कळस म्हणायला हरकत नाही. तो इथे उतरवून ठेवतो:

ज्या जुन्या प्रयोगावर हा डोलारा उभा आहे, त्याच्या लेखकाला कंट्रोल म्हणजे काय हेच कळलेलं दिसत नाही. अर्क लावलेल्या दाण्यांच्या दहा पिशव्या, आणि तुलनेसाठी काहीही न लावलेल्या दाण्यांची फक्त एक? आणि ती एक कुठे ठेवली होती, याचा उल्लेख नाही. ओल्या जागी ठेवली असेल तर तिच्यावर बुरशी येणारच, त्यात डाळिंबाचं कर्तृत्व काय? अशा आळशी माणसाला प्रयोगशाळेत पाऊल ठेवू द्यायला नको होतं.

पन्नासपैकी गुण: अकरा. दहा देणार होतो. एक टायपिंगसाठी.

लसणाचा पेपर मार्चअखेर व्हायचा होता. मार्च आज संपतोय. पण परीक्षकाची जबाबदारी अंगावर आली, त्याला मी काय करणार? एप्रिलअखेर नक्की.

४ एप्रिल, शनिवार

हिला औषधाच्या दुकानात शिष्योत्तमा भेटली. हिचे दोन्ही हात धरून म्हणाली, सरांनी फार मोठं मन केलं. ही घरी आल्यापासून माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतेय. विचारलं, तुम्ही असं केलंत तरी काय? मी म्हटलं, मला काय माहीत. मोठ्या मनाने केलेल्या गोष्टी लक्षात ठेवायची सवय नाही मला.

मनातून मात्र हसू येत होतं. बिचारीला कल्पना नाही, की तिच्या बेचाळीस पानांना अकरा गुण पडलेत.

रात्री हिने विचारलं, तुम्हाला ती आवडत नाही का? मी म्हटलं, मला तिच्याबद्दल काहीच वाटत नाही. हिने दिवा मालवला. मग अंधारात म्हणाली, रोज जेवताना तिचंच बोलता.

८ एप्रिल, बुधवार

दुपारी सगळे जेवायला गेले असताना टेप घेऊन कक्षाच्या नव्या खोलीत जाऊन आलो. पूर्वेच्या खिडकीखाली टेबल बसेल. मशीन समोर. शिष्योत्तमेला दाराजवळ जागा देईन. कटुता ठेवायची नाही.

निवड झाल्यावर बोलायचे दोन शब्द आरशासमोर म्हणून बघितले. सुरुवात: मला तर याची कल्पनाच नव्हती. भुवया थोड्या वर करून म्हटलं की चांगलं जमतं.

बाहेर पडताना शिक्केमास्तर कॉरिडॉरमध्ये होते. हातातल्या टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेले. या माणसाला माझा हेवा वाटतो.

१३ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ

लिहायचं म्हणून लिहितो.

सकाळी दहाला हॉलमध्ये निकाल. बाकीचे प्रस्ताव पहिल्या पाच मिनिटांत बाद झाले. मग डाळिंब. पास व्हायला दीडशेपैकी एकशे पाच. पहिल्या परीक्षकाचे सेहेचाळीस, दुसऱ्याचे चव्वेचाळीस. डायरेक्टरसाहेब तिसऱ्यापाशी थांबले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, अकरा. एकूण एकशे एक. चार गुणांनी प्रस्ताव पडला.

माझ्या पायांना जणू पंख फुटले, एवढा हलका झालो. डायरेक्टरसाहेबांनी तिसऱ्या परीक्षकाचा शेरा मोठ्याने वाचून दाखवला. आळशी माणसाला पाऊल ठेवू द्यायला नको होतं, यावर दोघं तिघं हसले. मीही हसलो. जरा मोठ्यानेच.

मग नियमाप्रमाणे नावांचं पाकीट उघडलं. सह-संशोधक म्हणून शिष्योत्तमेचं नाव. मुख्य संशोधक म्हणून माझं.

मला वाटलं, पाकीट चुकीचं आहे. तसं म्हणालोही. डायरेक्टरसाहेबांनी फॉर्म वर धरला. चार सह्या. चारही माझ्या, एका हाताने फोन धरून केल्यासारख्या तिरक्या.

तेव्हा शिष्योत्तमा उभी राहिली. म्हणाली, प्रस्तावातला तो जुना प्रबंध सरांचा आहे. निलगिरीचा आहे, पण पान दोनशे अकरावर डाळिंबाचा एक प्रयोग आहे. मी लायब्ररीतून नेऊन वाचला. कल्पना सरांची, म्हणून पहिलं नाव सरांचं. मला वाटलं होतं सर नाही म्हणतील, पण त्यांनी न वाचता सही केली. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. परीक्षकाने सरांबद्दल जे लिहिलंय त्याचं मला फार वाईट वाटतं, असं म्हणून ती खाली बसली.

सगळे माझ्याकडे दयेने बघत होते. सांडपाणी छताकडे बघत होता. शिक्केमास्तर रजिस्टरात काहीतरी शोधत होते, आणि त्यांना ते सापडत नव्हतं.

डायरेक्टरसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, परीक्षक कोण ते मलाही कळवत नाहीत, पण एखाद्याच्या पोटात दुखतंच. नियमाप्रमाणे मुख्य संशोधकाला दहा दिवस आहेत. आक्षेपांना लेखी उत्तरं द्या. उत्तरं पटली तर मी माझ्या अधिकारात मंजूर करीन.

म्हणजे मी माझ्या आक्षेपांना उत्तरं द्यायची.

१५ एप्रिल, बुधवार

लायब्ररीत गेलो. प्रबंध काढला. आतल्या कार्डावर एकच तारीख, याच वर्षीच्या फेब्रुवारीतली.

पान दोनशे अकरा. दीड पान. माझंच. भाषा माझी, आलेख हाताने काढलेला, तोही माझा. निलगिरीच्या कामातून एक आठवडा मोकळा मिळाला होता, तेव्हा गंमत म्हणून केलं होतं. गाईड म्हणाले होते, यात काही नाही, मागे टाकून दे. मी टाकलं. आणि सव्वीस वर्षं निलगिरीचा टेंभा मिरवत बसलो, जिच्याकडे पुढे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

वीस वर्षं पुढे असलेला माणूस मीच होतो. आळशी माणूसही मीच.

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळी चढा सूर लागला. उत्तर लिहायला घेतलं. परीक्षक मत्सरी आहे, संकुचित आहे, त्याने आयुष्यात एक धड प्रयोग केलेला नसावा, असे थेट जिव्हारी लागणारे मुद्दे घेतले. लिहिताना फार बरं वाटत होतं. चौथ्या पानावर आठवलं आणि थांबलो.

शिष्योत्तमेने वाचलं. म्हणाली, सर, हे नको. पहिले दोन आक्षेप उगाच आहेत. पण तिसरा बरोबर आहे. मीही तेच विचारायला तुमच्याकडे आले होते, वह्या मागायला. ती एक पिशवी कुठे ठेवली होती?

मी म्हटलं, सव्वीस वर्षं झाली, आठवत नाही.

१९ एप्रिल, रविवार

हिने स्टूल धरलं, मी माळ्यावरून पेटी काढली. वही सापडली. पिवळी पडली आहे, पण अक्षर लागतं. हिला म्हटलं, तू जा, मी बघतो. ती गेली नाही.

कंट्रोल: बेसिनखाली. (फळीवर जागा नाही.)

ते बेसिन गळायचं. आम्ही खाली बादली ठेवायचो. त्या बादलीशेजारी ती पिशवी महिनाभर पडून होती. तिच्यावर बुरशी आली आणि मी लिहून टाकलं, की डाळिंबाने बाकीचे दाणे वाचवले.

पान फाडायचं मनात आलं. लपवत नाही, आलं. पेटीत सहा वह्या होत्या, हीच एक हरवली असती तर कुणाला कळणार होतं? चार गुण काय, चाळीस मिळाले असते. खोली, दोन खिडक्या, मशीन. कडेला धरून थोडं ओढलंही.

हिने ते बघितलं. फक्त म्हणाली, ती पोरगी तुमच्या एका पानाच्या भरवशावर उभी आहे ना?

वही पिशवीत घातली. पानाला वरच्या बाजूला चीर गेली आहे, दोन बोटांएवढी.

२० एप्रिल, सोमवार

शिष्योत्तमेच्या खोलीत गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्याकडे. वही समोर ठेवली. तिने वाचलं. चीर बघितली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

मग म्हणाली, म्हणजे पहिल्यापासून करायला हवं. तीस पिशव्या अर्काच्या, तीस साध्या, सगळ्या एकाच फळीवर. सालीने काहीच होत नसेल तर तेही लिहू. पण सर, हे तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मी दोन वर्षं बेसिनाच्या ओलीवर संशोधन केलं असतं.

मी हसलो नाही. ती हसली. तिचं हसणं मला आवडत नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

जाताना ती म्हणाली, परीक्षक खवट आहे, पण काम जाणणारा आहे हो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिला कळलंय की नाही, मला सांगता येणार नाही. विचारायचं धाडस नाही.

२२ एप्रिल, बुधवार

उत्तरं दिली. एक पान.

पहिल्या आक्षेपाला: शीर्षक लहान केलं. दुसऱ्याला: साली वाळवून ठेवता येतात. तिसऱ्याला: आक्षेप मान्य. कंट्रोलची पिशवी गळक्या बेसिनखाली होती. चूक मूळ लेखकाची, म्हणजे माझी. नवा आराखडा सोबत जोडला आहे.

शिक्केमास्तरांनी पान घेतलं, वाचलं. त्यांनी वाचायचं नसतं. शिक्का मारताना म्हणाले, साहेब, मी दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं, तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं.

शेवटच्या क्षणी मी शिष्योत्तमेला म्हटलं, मुख्य संशोधक म्हणून तुझं नाव टाक, माझं दुसरं. काम तूच करणार आहेस. कक्षाची प्रमुख तूच व्हायला हवीस. मला वाटलं होतं, ती निदान दोनदा तरी नको म्हणेल, मग मी आग्रह करीन, मग दोघांचेही डोळे भरून येतील. ती एकदाही नको म्हणाली नाही. बरं सर, म्हणाली आणि तिथेच पेनाने खोडून बदललं.

डायरेक्टरसाहेबांचा दुपारी निरोप आला. मंजूर.

लसणाचा पेपर अजून अर्धं पान.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं. हिने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, एवढं तुमच्याबद्दल लिहिणारा तो परीक्षक कोण? तुमच्या ओळखीचा आहे का?

मी म्हटलं, फारशी ओळख नाही.